समारोपाचे पाच गुण

सभा अकराची होती, म्हणजे साडेबाराची. वर्षालीला हे ठाऊक होतं, तरी ती अकराच्या आधीच पोचली. रोहण्याहून आर्वीला येणारी गाडी काही तिच्या सोयीनं सुटत नाही, आणि अडीच वर्षांचं लेकरू काखेत घेऊन स्टँडवर ताटकळण्यापेक्षा रिकाम्या खोलीत बसलेलं बरं. महादेवरावांच्या कापड दुकानाच्या माडीवर सतरंजी अंथरलेली होती. तिनं आधी जिन्याकडे पाहिलं, मग खिडकीच्या गजांकडे, मग भिंतीतल्या उघड्या प्लगकडे. प्लगला पाठ लावून ती स्वतः बसली आणि हर्षाला समोर घेतलं. नव्या-जुन्या कुठल्याही खोलीत ती आधी हेच करायची. लोकांना वाटायचं, बाई लाजाळू आहे, म्हणून भिंत धरते.

तालुका मानवी हक्क समितीत येऊन तिला वर्ष होत आलं होतं. समितीला एक महिला प्रतिनिधी हवी होती आणि एक युवा प्रतिनिधी. वर्षाली बी. ए. झालेली, सत्तावीस वर्षांची. एकाच खुर्चीत दोन्ही कामं भागली. अक्षर चांगलं म्हणून इतिवृत्ताची वहीही तिच्याकडेच आली. इतिवृत्त सभेच्या आधीच लिहून आणायचं आणि सभेत सह्या तेवढ्या घ्यायच्या, असा इथला रिवाज. पहिल्या खेपेला तिला नवल वाटलं होतं. आता ती आदल्या दिवशी गॅसवर दूध ठेवून, एक डोळा दुधावर आणि एक डोळा पोरीवर, ‘सर्वानुमते मंजूर’ लिहून मोकळी व्हायची.

दोन हजार तीनचा नोव्हेंबर होता. दहा डिसेंबरला मानवी हक्क दिन, आणि यंदा त्यात युवकांचा सहभाग वाढवा, लोकांपर्यंत जा, असं जिल्ह्यावरून पत्र आलं होतं.

“पोट्टे पायजे यंदा,” अध्यक्ष महादेवराव म्हणाले. “मागच्या साली फोटोत सारे टकलेच दिसून राह्यलते.”

“क्रिकेटची मॅच ठेवा,” हरिदास म्हणाला. तो पेपरची एजन्सी चालवायचा आणि समितीच्या बातम्या छापून आणायचा. “पोट्टे आपोआप येतात.”

“मॅचमधी मानवी हक्क कोठी आला बे?”

“अंपायरचा निकाल न मानन्याचा.”

सगळे हसले. हसणं ओसरल्यावर वर्षाली म्हणाली, “कॉलेजात जाऊन मुलांनाच विचारू या का? त्यांना काय त्रास आहे, काय पाहिजे.”

महादेवराव माणूस वाईट नव्हता. ते मायेनंच म्हणाले, “ताई, विचारलं का ते मांगतात. मंग देनार कोन?”

शेवटी वक्तृत्व स्पर्धा ठरली. दरवर्षी तीच ठरायची. विषय, ‘मानवी हक्क आणि आजचा युवक’. चार मिनिटं वेळ. तिसऱ्या मिनिटाला पहिली घंटा, चौथ्याला दुसरी. मुलींच्या वसतिगृहाचे गृहपाल सदाशिवराव समितीत सहसचिव होते. ते जांभई दाबत म्हणाले, “माह्या पंधरा-वीस पोरी आणतो मी. खुर्च्या रिकाम्या नाई राह्याच्या.” घंटा वर्षालीकडे आली, कारण तिच्या हातातलं लग्नातलं घड्याळ अजून बरोबर वेळ दाखवत होतं.

दहा डिसेंबरला हॉल भरला. वर्षाली स्टेजच्या खाली टेबलाशी बसली. समोर पितळेची घंटा, मांडीवर हर्षा. घंटेला हात लावायचा म्हणून हर्षा सारखी हात पुढे करायची, आणि वर्षाली एका हातानं पोर आवरत, दुसऱ्यानं घंटा धरत, घड्याळाकडे पाहत होती. एका पाठोपाठ एक बारा मुलं बोलून गेली. तिघांच्या भाषणात एक उतारा शब्द न् शब्द तोच होता, कारण तिघांनाही लिहून देणारे सर एकच होते. पंख्याखाली बसलेले पाहुणे त्या उताऱ्याला तिन्ही वेळा मान डोलावून गेले.

तेरावी आली ती दिपाली. बारावीतली, वसतिगृहातली. अंगावर धुऊन धुऊन फिकट झालेला पंजाबी ड्रेस, हातात कागद. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन’ म्हणून झालं, आणि तिनं कागदाची घडी घातली.

“आमच्या वसतिगृहात बेचाळीस मुली आहेत,” ती म्हणाली. “सात वाजता गजांच्या दाराला बाहेरून कुलूप लागतं. सकाळी साडेपाचला उघडतं. चाबी बाहेर असते. कोणाचं पोट दुखलं, ताप आला, तर आम्ही साडेपाच वाजायची वाट पाहतो.”

वर्षालीनं मान वर केली.

“मागच्या महिन्यात मीटरच्या पेटीतून ठिणग्या उडाल्या. धूर झाला. आम्ही खिडकीतून ओरडलो. रस्त्यानं एक काका सायकलवर चालले होते. त्यांना वाटलं, पोरी मस्करी करून राह्यल्या. ते हसून गेले. मग आम्ही झाडूच्या दांड्यानं मेनचं बटन पाडलं. लहान मुली पलंगाखाली घुसल्या होत्या. त्यांना बाहेर काढायला अर्धा तास लागला. कारण त्यांना वाटलं, पलंगाखाली आग येत नाही.”

पहिली घंटा वर्षालीनं केव्हा दिली, तिलाच कळलं नाही. हॉल शांत होता. दिपालीचा आवाज चढला नव्हता. घरी निरोप सांगावा तशी ती सांगत होती.

“कुलूप लावू नका, असं मी म्हणत नाही. माझं एवढंच म्हणणं आहे, की...”

सेकंदकाटा बारावर आला, चौथं मिनिट भरलं. वर्षालीच्या हाताला सकाळपासून तीच सवय लागली होती. हातानं घंटा दिली.

दिपालीनं तिच्याकडे पाहिलं, “जय हिंद, जय महाराष्ट्र” म्हटलं आणि खाली उतरली. टाळ्यांचा कडकडाट झाला. इतका की हर्षा दचकून रडायला लागली. स्टेजवर दुसऱ्या रांगेत बसलेले सदाशिवरावही टाळ्या वाजवत होते. सगळे वाजवत होते, म्हणून वाजवत असावेत.

तासाभरानं निकाल लागला. दिपालीला दुसरा नंबर. परीक्षक म्हणाले, “मुलीची शैली ओघवती आहे. उदाहरण इतकं जिवंत, की अंगावर काटा आला. पण समारोप केला नाही, त्याचे पाच गुण कापावे लागले. नाहीतर पहिलीच होती.” महादेवरावांनी तिला ढाल दिली, फोटो निघाला. ‘शाब्बास पोरी!’ असं चार-पाच जण म्हणाले. कुलुपाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. भाषण होतं ते. भाषणाचं जे करायचं असतं ते सगळं झालं होतं.

चहाच्या गडबडीत वर्षाली तिला शोधत हॉलच्या मागे गेली. दिपाली नळाशी ढाल काखेत धरून तोंड धूत होती.

“पुढे काय म्हणणार होतीस?” वर्षालीनं विचारलं.

“कायचं, मॅडम?”

“मी घंटा दिली तेव्हा. एवढंच म्हणणं आहे की... काय?”

दिपालीनं ओढणीनं तोंड पुसलं. “एक चाबी आतमधी द्या म्हनावं. गजातून हात जाते कुलपाले. बस. तेवढंच होतं.”

“मग लिहून दे मला. दोन ओळी. समितीपुढे ठेवते.”

“नाई, मॅडम.” ती झटकन मागं सरली. “लेखी नाई. माह्या बाबांनी मले कुलूप पाहूनच ठेवलं अठी. चार होस्टेलं पाह्यली त्यायनं. जथी कुलूप भारी, तथी पोरगी. तक्रार केली म्हनून समजलं, का दुसऱ्या दिवशी टी. सी. काढतीन. तीन महिने राह्यले बोर्डाले. भाषनात बोल्ली, कारन भाषनाचं कोनी मनावर घेत नाई, असं मले वाटलं.” ढाल दुसऱ्या काखेत घेत ती म्हणाली, “आन वाटलं, घेतलं तं घेतलं.”

 नळ ठिबकत होता. तो वर्षालीनं सवयीनं घट्ट केला.

आढाव्याची सभा तिथंच खुर्च्या गोल करून भरली. इतिवृत्त तयार होतंच: ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला. पुढील वर्षी युवकांचा सहभाग आणखी वाढविण्याचे सर्वानुमते ठरले.’ महादेवराव सही करायला चष्मा शोधत असताना वर्षाली म्हणाली, “भाऊ, त्या दिपालीनं जे सांगितलं, त्याचं काय करायचं?”

“काय सांगतलं?”

“कुलुपाचं.”

“अवो ताई, ते भाषन होतं.” महादेवरावांना खरंच नवल वाटलं. “तक्रार असन तं लेखी पायजे, अर्ज पायजे. असं टाळ्या वाजवून झाल्यावर तक्रार थोडीच होते?”

सदाशिवराव कपातल्या चहाकडे पाहत होते. मग त्यांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. “पोरगी खोटं नाई बोल्ली,” ते म्हणाले. “चौकीदाराची जागा दोन वर्षांपासून रिकामी आहे. पाच पत्रं टाकली मी. घरी बायको अर्धांगानं पडली. तिले कूस बदलून द्याले मी लागतो. सातले कुलूप लावून घरी जातो, साडेपाचले येतो. मी का हौसेनं चाबी नेतो? बेचाळीस बाप आहेत त्या पोरीयचे. एखादी रातीतून कोनासोबत गेली, तं बेचाळीसही मले रस्त्यावर जोडे मारतीन. आग एखाद्या खेपेला लागते, ताई. पोरी पळाची भीती रोज राह्यते.”

“पण बाहेरून बंद माणसं...”

“तुमी लेकरू झोपवून नळावर पान्याले जाता, तवा कडी लावता का नाई बाहेरून?”

 वर्षाली लावत होती. रोज लावत होती. हंडा भरेपर्यंत तिचा जीव दारापाशी असायचा, आणि तरी लावत होती. कारण उघडं दार आणि अंगणातला हौद यांचाही तिनं हिशेब मनाशी करून पाहिला होता.  थकलेल्या माणसानं थकलेल्या बाईला विचारलेला सवाल होता तो.

हर्षा पेंगत होती. पाचची गाडी गेली, की मग साडेसातशिवाय गाडी नव्हती. वर्षालीनं वही ओढली आणि तयार इतिवृत्ताखाली, जिथं सह्यांसाठी जागा सोडली होती, तिथं लिहायला घेतलं. लिहिलं आणि वाचून दाखवलं: “‘युवकांच्या सहभागाचा भाग म्हणून वसतिगृहातील विद्यार्थिनींचा युवती गट स्थापन करण्यात यावा. दरवाजाच्या कुलपाची एक किल्ली आतल्या बाजूला या गटाकडे राहील व तिची जबाबदारी मुली आळीपाळीने घेतील.’”

“वा!” महादेवराव खूश झाले. “याले म्हनते सहभाग. जिल्ह्यावर हेच पाठवा. हरिदास, फोटोखाली टाकजो बे हे.”

“थांबा,” सदाशिवराव म्हणाले. “माह्याजवळ दुसरी चाबी आहे. आज देतो मी. पन काई झालं तं कोनाच्या गळ्यात? कोनी लेखी जिम्मेदारी घ्या. तुमच्यापैकी कोनीबी.”

समितीत नऊ जण होते. हरिदासनं कॅमेऱ्याचं झाकण लावलं. एकाला बाहेर कोणी हाक मारल्यासारखं वाटलं. महादेवराव म्हणाले, “समितीच्या नावानं घेऊ ना, सामूहिक.” सदाशिवरावांनी मान हलवली. “सामूहिकाले जोडे नाई बसत, भाऊ. मानूस सांगा.”

वर्षालीनं वहीचं पान उलटलं. तिला धीर आला होता असं नाही. कोणीतरी लिहीपर्यंत ही सभा संपणार नव्हती आणि गाडीला पंचवीस मिनिटं राहिली होती. ‘सदर किल्लीमुळे काही बरेवाईट घडल्यास त्यास मी जबाबदार राहीन,’ तिनं लिहिलं. सही करताना हर्षाचं डोकं खांद्यावरून घसरलं, म्हणून ‘वर्षाली’तला शेवटचा फराटा वहीबाहेर गेला.

घरी चंदननं, तिच्या नवऱ्यानं, ते ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, “बेचाळीस?” सासू आनंदाबाई मात्र भाकरी थापता थापता बोलल्याच. “घरची एक पोरगी संभायताना जीव जाते बाईचा. दहा वेळा उठून पाह्यते, श्वास चालू आहे का नाई. आन निघाली बेचाळीस संभायाले! तुले कोनी मांगतलं होतं ओ?”

“कोणी नाही, आई.”

“मंग?”

वर्षालीनं तव्यावरची भाकरी उलटली. पुढचे नऊ दिवस पेपर आला, की ती आधी आतलं पान उघडायची. दारात सायकल थांबली, की हातातलं काम सोडून पाहायची.

दहाव्या दिवशी दुपारी सायकल थांबली. उतरलेला माणूस काटक, काळा, डोक्याला मळकं दुपट्टं बांधलेला. “वर्षालीबाई तुमीच का? मी प्रेमदास. दिपालीचा बाप. तळेगावच्या तिकडं राह्यतो, संत्र्याच्या बागेची राखन करतो.”

तिनं खुर्ची दिली. तो बसला नाही. शर्टाच्या खिशातून अर्धा बाहेर आलेला कागद तिला दिसला. वरचा ‘मा. प्राचार्य’ एवढा शब्द वाचता येत होता.

“बाई, चाबी पोरीच्या हातात देली म्हनते तुमी?”

“एकीच्या नाही. आळीपाळीनं. आठ दिवस एक, आठ दिवस दुसरी.”

“मी पोरीले कुलपाच्या भरवशावर ठेवलं होतं.”

“माहीत आहे मला.”

“तुमाले पोरगी आहे?”

“आहे. निजली आहे आत.”

“ठेवसान तिले तथी? बिनाकुलपाच्या घरात?”

वर्षालीला खोटं बोलता आलं असतं. इतके दिवस मनातल्या मनात हाच सवाल ती स्वतःला विचारत होती आणि प्रत्येक खेपेला उत्तर बदलत होतं. “मला भीती वाटेल,” ती म्हणाली. “किल्ली आत असली तरी वाटेल. पण किल्ली बाहेर असली, तर मी ठेवणारच नाही. मीटर जळलं होतं, दादा. लहान पोरी पलंगाखाली लपल्या होत्या. तुम्हाला सांगितलं का दिपालीनं?”

प्रेमदासनं दुपट्टं सोडलं आणि हातात धरलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावरच दिसलं. आनंदाबाईंनी पाण्याचा लोटा आणून ठेवला. तो उकिडवा बसला आणि लोटा तसाच समोर राहू दिला.

“मीटर?”

“हो. झाडूच्या दांड्यानं बटन पाडलं पोरींनी.”

त्यानं अंगणातली माती बोटानं उकरली. मग म्हणाला, “बागेत माही खोपडी आहे. तिले कडी आतूनच आहे.” आणि स्वतःवरच चिडल्यासारखा झाला. “पन ते मानसाचं झालं. पोरीचं अलग राह्यते.”

वर्षालीनं लोटा त्याच्याकडे सरकवला. 

“तुमी सही केली म्हनते,” तो म्हणाला. “कायची?”

“काही झालं तर मी जबाबदार, अशी.”

“माह्या पोरीचीबी?”

“तिचीही.”

“सही करनं सोपं आहे, बाई. मी रोज बांध फिरतो. एक दिवस नाई गेलो, तं दुसऱ्या दिवशी झाड मोकळं दिसते.” त्यानं खिशातला कागद आत दाबला. “हा टी. सी.चा अर्ज मी फाडत नाई. खिशातच ठेवतो. तुमी दर सोमवारी जाऊन पाहान का? चाबी कोनाजवळ आहे, पोरी कशा आहेत, मीटर कसं आहे. आन आर्वीच्या बाजारात आमच्या गावचे लोक येतात, त्यायच्याजवळ मले निरोप देजा. एक सोमवार चुकला, तं मी मंगळवारी कॉलेजात जातो.”

“बोर्डाची परीक्षा होईपर्यंत?”

“तवापर्यंत तरी.”

वर्षालीनं मनात सोमवार मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. जानेवारीत चंदनच्या बहिणीचं बाळंतपण घरी होणार होतं. हर्षाला थंडीत खोकला धरायचा. गाडी कधी यायची, कधी नाही. “जाईन,” ती म्हणाली.

प्रेमदास मग पाणी प्यायला. त्यानं लोटा उपडा ठेवला, दुपट्टं पुन्हा बांधलं आणि जाताना आनंदाबाईंना हात जोडले. वर्षालीला जोडले नाहीत.

“हरेक सोमवारी जाशीन?” सायकल वळणाआड गेल्यावर आनंदाबाईंनी विचारलं.

“हो.”

“आन हे लेकरू?”

आत हर्षा उठली होती आणि पलंगावरून उतरायची खटपट करत होती. पाऊल जमिनीला लागत नव्हतं. वर्षाली धावली नाही. दारातच थांबून तिनं पाहिलं. पोरीनं चादर धरली, घसरत घसरत खाली आली, आणि उभी राहून रडावं की नाही याचा विचार करू लागली.

“सोबत नेईन,” वर्षाली म्हणाली.

 कोनाड्यातून एस. टी.चं वेळापत्रक छापलेलं जुनं कॅलेंडर काढून आनंदाबाईंनी तिच्यासमोर टाकलं आणि त्या पीठ मळायला गेल्या. सकाळची गाडी साडेआठची होती. सोमवार परवा होता.